डबा बदलण्याआधी तार तपासा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकाएकी गेली. ठाण्यातलं कळवा आणि भिवंडी तालुक्यातलं पडघा यांना जोडणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झाला होता आणि त्याचे परिणाम साखळीने महानगरभर पसरले. करोनाचे दिवस होते. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी धावत होत्या, त्यामुळे एरवी ठाणे-कल्याण पट्ट्यातून रोज मुंबई गाठणारी नोकरदार मंडळी घरातच लॅपटॉप उघडून बसलेली. लॅपटॉपला बॅटरी होती, मोबाइललाही होती. वाय-फायचा राउटर मात्र भिंतीतल्या प्लगवर चालत होता. तो विजेबरोबरच गेला.

लँडलाइनच्या पिढीला हे अनोळखी होतं. ठाण्यात ०२२ने सुरू होणारा एमटीएनएलचा फोन असो की कल्याण-डोंबिवलीतला ०२५१चा बीएसएनएलचा, घरातली वीज गेली तरी रिसीव्हर उचलल्यावर टोन यायचाच. कारण फोनला लागणारी वीज घरातून येतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांच्या रांगेतून ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा आवाजाच्याच दोन तारांवरून घरापर्यंत यायचा. त्यातही तार जमिनीच्या तुलनेत ऋण ठेवलेली असे, म्हणजे ओल लागली तरी तांबं गंजून झिजू नये. हा बारीक तपशील पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

लॅनच्या तारेतून वीज पाठवण्याची आजची पद्धत, पॉवर ओव्हर इथरनेट किंवा नेटवर्कवाल्यांच्या तोंडचं पीओई, याच वळणाची आहे. नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी, एका रॅकमध्ये बसतो. तिथून एकेक तार निघून छताला लावलेल्या वाय-फायच्या डब्यापर्यंत, म्हणजे ॲक्सेस पॉइंटपर्यंत जाते आणि त्याच तारेतून माहितीही जाते, वीजही. डब्याजवळ प्लग नको, ॲडॅप्टर नको, वायरमनला बोलावून छतात वेगळा पॉइंट काढायला नको. रॅकमधल्या स्विचला यूपीएस लावला की त्याच्यावरचे सगळे डबे वीज गेल्यावरही जागे राहतात. १२ ऑक्टोबरसारख्या दिवशी ही सोय किती मोलाची ठरते, हे वेगळं सांगायला नको. फक्त यूपीएसचा हिशेब आधी करावा लागतो. प्रत्येकी १२ वॅट खाणारे आठ डबे आणि स्विचचा स्वतःचा खर्च धरला तर भार सहज १५० वॅटच्या घरात जातो. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. म्हणजे कागदावर अर्ध्या तासाच्या आसपास आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी, कारण भराभर रिकामी होणारी बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही आणि काही वीज रूपांतरातही जाते. त्या सोमवारी अनेक भागांत वीज यायला काही तास लागले होते.

सिस्को कंपनीने २०००च्या सुमारास टेबलावरच्या इंटरनेट-फोनसाठी स्वतःच्या पद्धतीने अशी वीज द्यायला सुरुवात केली. सर्वांना लागू होणारं मानक आलं २००३मध्ये. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्याला ८०२.३एएफ असं नाव दिलं. त्यानुसार स्विचच्या पोर्टातून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि पलीकडच्या उपकरणाला १२.९५ वॅटची हमी मिळते. हा १२.९५चा विचित्र आकडा कुठून आला? मानक लिहिणाऱ्यांनी १०० मीटर तारेचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरला आणि प्रवाह ०.३५ अँपिअर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले २० केले की २.४५ वॅट येतात. ते १५.४मधून वजा केले की उरतात बरोबर १२.९५. पुढचं मानक, ८०२.३एटी, २००९चं. त्यात प्रवाह ०.६ अँपिअर आणि रोध १२.५ ओहम. वाया जातात ४.५ वॅट, म्हणून पोर्टातून ३० निघतात आणि डब्याला २५.५ मिळतात. २०१८च्या ८०२.३बीटीने तारेच्या चारही जोड्या कामाला लावून पोर्टाची मर्यादा ९० वॅटपर्यंत नेली.

शाळेतल्या विज्ञानातला ओहमचा नियम इथे जसाच्या तसा राबतो. पीओईच्या बहुतेक तक्रारी या वजाबाकीतच सापडतात. डबा बिघडलेला नसतो, इंटरनेट कंपनीचीही चूक नसते. तारेत अपेक्षेपेक्षा जास्त वीज जिरत असते, नाहीतर स्विचकडे द्यायला पुरेशी उरलेली नसते. तरीही तक्रार आली की आधी कंपनीला फोन लागतो आणि मग नवा डबा मागवला जातो. हजारो रुपयांचा डबा बदलूनही तक्रार तशीच राहते, आणि सोसायटीच्या किंवा क्लासच्या कमिटीला कळेनासं होतं की आता आणखी काय बदलायचं.

वाय-फाय आता फक्त घरापुरतं राहिलेलं नाही. गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वाय-फाय द्यायला सुरुवात केली, दोन-अडीच वर्षांत ते देशभरातल्या ४०० स्थानकांपर्यंत गेलं आणि गूगल बाजूला झाल्यावरही रेलटेलने ते रेलवायर नावाने चालू ठेवलं. वागळे इस्टेटमधली कार्यालयं, घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर, डोंबिवलीतले कोचिंग क्लास, कल्याणमधली रुग्णालयं, मंगल कार्यालयं, जिम, अभ्यासिका, सगळीकडे छताला पांढरे डबे दिसतात. त्यांच्या तारा ओढणारी माणसं कुशल असतात, हात चालाख असतो. पण काम मापाने तपासून घेण्याची सवय आपल्याकडे ग्राहकाला नाही. त्यामुळे करणाऱ्यालाही ती लागत नाही.

तक्रार साधारण अशी येते : वाय-फाय सारखं जातं. यावर पहिला प्रश्न विचारायचा तो डब्याचं अपटाइम किती, म्हणजे शेवटचं सुरू झाल्यापासून तो सलग किती वेळ चालू आहे. हा आकडा त्याच्या ॲपमध्ये किंवा कंट्रोलरच्या पानावर दिसतो. स्विच महिनाभर चालू आहे आणि डबा मात्र वीस मिनिटांपूर्वी जागा झालाय, तर संशय विजेवर. डबाही महिनाभर अखंड चालू असेल तर त्याची वीज कधी तुटलेलीच नाही. मग दोष रेडिओच्या चॅनेलचा, शेजारच्या राउटरांच्या गर्दीचा, नाहीतर इंटरनेटच्या लाइनचा. तार उचकटून काही मिळणार नाही. एवढ्या एका नोंदीने निम्मी धावपळ वाचते आणि तरीही ती क्वचितच पाहिली जाते.

विजेवर संशय गेला की तार जोडल्यापासून दिवा लागेपर्यंत नेमकं काय घडतं ते समजून घ्यायला हवं.

तार पोर्टात बसवताक्षणी स्विच ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी तो २.७ ते १०.१ व्होल्टच्या दरम्यान अगदी हलका दाब देऊन चाचपतो की पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध आहे का. वीज घेऊ शकणाऱ्या प्रत्येक उपकरणात हा रोध ओळखचिठ्ठी म्हणून मुद्दाम बसवलेला असतो. तो सापडला नाही तर पोर्ट फक्त माहिती देतो, वीज देत नाही. म्हणूनच साधा लॅपटॉप किंवा प्रिंटर चुकून पीओई पोर्टात लावला तरी जळत नाही. ओळख पटली की दाब वीस व्होल्टच्या आसपास नेऊन स्विच विचारतो, तुला किती लागेल? उपकरण ठरावीक प्रवाह ओढून आपला वर्ग सांगतं. त्यानंतरच ४४ ते ५७ व्होल्टच्या दरम्यानचा खरा पुरवठा सुरू होतो. हा सगळा संवाद क्षणार्धात उरकतो.

त्यापुढेही बोलणं चालू राहतं. डबा पूर्ण जागा झाला की एलएलडीपी या प्रोटोकॉलमधून तो वॅटचा नेमका आकडा मागू शकतो. एखाद्या स्विचवर एलएलडीपी बंद ठेवलेलं असेल तर काही डबे १५.४ वॅटवरच अडकून राहतात. हा बिघाड सगळ्यात फसवा, कारण यात काहीच बंद पडत नाही. वाय-फाय ६ किंवा त्यापुढचा डबा वीज कमी पडली की स्वतःला आवरून घेतो. एखादा रेडिओ बंद करतो, अँटेनाच्या साखळ्या कमी करतो, सिग्नलची ताकद उतरवतो. मोबाइलवर वाय-फायच्या रेषा दिसतात आणि वेग मात्र रडतखडत. अशा वेळी डब्याच्या माहितीपानावर वीज कमी मिळत असल्याची सूचना बहुधा असतेच. ती वाचणारं कुणी हवं.

या संवादात सामील न होणारीही एक जात आहे, पॅसिव्ह पीओई. मुंबई-ठाण्यात केबलवाल्यांनी इंटरनेट घरोघर पोहोचवलं तेव्हा गच्चीवरून गच्चीवर लॅनच्या तारा ओढल्या आणि मधले छोटे स्विच व रेडिओ अशाच विजेवर चालवले. पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे तारेत वीज घालणारं छोटं यंत्र, काही विचारत नाही, तार लागली की २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ सोडून देतो. २४ व्होल्टचा जुना रेडिओ मानक पाळणाऱ्या स्विचला लावला तर ओळख पटत नाही आणि तो सुरूच होत नाही. डबा खराब आहे असं वाटतं, पण तो ठणठणीत असतो. उलट, ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर भलत्या उपकरणाला लावला तर ते कायमचं जाऊ शकतं. इंजेक्टरवरचं लेबल न वाचता तो कुठल्याही तारेत खुपसणं म्हणजे नुकसानीला आमंत्रण.

आता स्विचचं बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून तो किती वीज देऊ शकतो ते. बाजारात २४ पोर्टांचे आणि ३७० वॅटचे पीओई स्विच सर्रास मिळतात. २४ गुणिले १५.४ केले की ३६९.६ येतात. म्हणजे २००३च्या मानकाने चोवीसही पोर्ट भरले तरी पुरतील, असा तो आकडा बेतलेला आहे. पण आजचा डबा ३० वॅटच्या वर्गात मोडत असेल तर ३७० भागिले ३०, बाराच डबे बसतात. तेराव्याला स्विच नकार देतो. पोर्ट रिकामा आहे, तार चांगली आहे, डबा कोरा आहे आणि दिवा लागत नाही. खोक्यावर प्रत्येक पोर्टाला ३० वॅट असं छापलेलं असतं. एकूण किती, ते बारीक अक्षरात.

इथे तक्रारीची तऱ्हाच बरंच काही सांगून जाते. महावितरणने देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवला, दुपारी वीज परत आली आणि दर वेळी वेगळाच एखादा डबा झोपलेला राहिला, तर बजेट अपुरं असण्याची शक्यता मोठी. सगळे डबे एकदम वीज मागतात आणि वाटप संपेपर्यंत मिळते त्यांना मिळते. अनेक स्विचांमध्ये पोर्टांना प्राधान्य ठरवून देता येतं. रुग्णालयात नर्सिंग स्टेशनजवळच्या डब्याला पहिला मान आणि वाहनतळावरच्या डब्याला शेवटचा, हे आधीच लिहून ठेवायला हवं. दर वेळी एकच ठरलेला डबा बंद पडत असेल तर मात्र बजेट विसरून त्याच्या तारेकडे वळावं. सिस्कोच्या स्विचवर ‘शो पॉवर इनलाइन’ ही आज्ञा दिली की कुठल्या पोर्टाला किती वॅट दिले, कुणाला नाकारले आणि किती शिल्लक आहेत, ते तक्त्यात दिसतं. इतर कंपन्यांच्या स्विचांमध्येही असं पान असतं. नकार आणि दोष या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच वाचाव्यात.

तारेची गोष्ट सर्वांत लांब आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होतं.

मुंबई परिसरातला नेटवर्किंगचा माल बऱ्याच अंशी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅनच्या तारेचं खोकं ३०५ मीटरचं, म्हणजे हजार फुटांचं. त्यावर कॅट ६ असं लिहिलेली दोन खोकी भावात बरीच वेगळी असू शकतात आणि एकात पूर्ण तांबं तर दुसऱ्यात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. धंद्यातल्या भाषेत ही तार सीसीए. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि आंतरराष्ट्रीय केबल-मानकांत ती बसत नाही. माहिती नेण्याचं काम ती थोड्या अंतरावर करूनही दाखवते, म्हणून काम झाल्याच्या दिवशी सगळं छान चालतं. विजेचा भार पडला की तिचं खरं रूप दिसतं.

आकडे मांडून पाहू. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेत १०० मीटरवर, दोन जोड्यांनी जाऊन-येऊन, रोध साधारण ९ ओहम येतो. ०.६ अँपिअर प्रवाहाला त्यात साडेपाच व्होल्टच्या आसपास गळतात. आता तार २६ गेजची, म्हणजे बारीक, आणि तीही सीसीए असेल तर रोध २० ओहमच्या पुढे जातो आणि गळती बारा व्होल्टच्या वर. स्विचने ५० व्होल्ट दिले तर डब्यापाशी ३८च्या आतबाहेर पोहोचतात. ८०२.३एटीच्या उपकरणाला मात्र किमान ४२.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. शिवाय दाब उतरला की तेवढेच वॅट मिळवायला डबा जास्त प्रवाह ओढतो, जास्त प्रवाहाने गळती आणखी वाढते, दाब आणखी उतरतो.

म्हणूनच असा डबा सकाळी रिकाम्या वर्गात नीट चालतो आणि संध्याकाळी बॅच भरली की बंद-चालू होऊ लागतो. सोसायटीत सकाळी सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तोच प्रकार. मुलांचे मोबाइल वाढले की डब्याचे रेडिओ जास्त काम करतात, वीज जास्त लागते आणि आधीच काठावर असलेला दाब मर्यादेखाली घसरतो. डबा पुन्हा सुरू होतो, मुलं पुन्हा जोडली जातात, पुन्हा तेच. जोडलेले लोक वाढले की बंद पडणारा डबा बदलण्याआधी तारेचं टोक कापून पाहावं. एक कंडक्टर सोलून ब्लेडने हलकेच खरवडला तर शुद्ध तांबं आतपर्यंत लालसर दिसतं. सीसीएमध्ये दोन-तीन घासांतच चांदीसारखा पांढरा धातू उघडा पडतो. त्याला यंत्र लागत नाही, काही सेकंद पुरतात. माल घेतानाच, दुकानाच्या काउंटरवर, हे करून पाहायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

याच संदर्भात त्या छोट्या लॅन टेस्टरबद्दल बोललं पाहिजे. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक भाग लावायचा, एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकले की तार पास. तारा योग्य क्रमाने जोडल्या आहेत एवढंच हे यंत्र सांगतं. रोध किती, जोडीतल्या दोन तारांचा रोध सारखा आहे का, भार पडल्यावर दाब टिकेल का, यातलं त्याला काहीच कळत नाही. अर्धवट दाबलेला आरजे-४५चा क्लिप, एकच धागा टेकलेली पंचिंग, मधेच जोड देऊन टाकलेला कपलर, या सगळ्यांवर आठही दिवे लागतात. जोडीतल्या दोन तारांच्या रोधात फरक पडला तर पोर्टातल्या ट्रान्सफॉर्मरवर असमान डीसी चढतो आणि माहितीत चुका होऊ लागतात. तेव्हा वीज ठीक असते, वेग मात्र बिघडतो. गिगाबिटचा दुवा १०० मेगाबिटवर उतरलेला दिसला तर एखादी जोडी तुटली आहे किंवा तुटायच्या बेतात आहे, असं समजायला हरकत नाही. यासाठी सर्टिफायर नावाचं महागडं यंत्र असतं. ते भाड्याने आणून प्रत्येक तारेचा छापील अहवाल देणारे ठेकेदारही आहेत, पण तो मागावा लागतो.

अंतराचा हिशेब घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत चुकतो. इथरनेटच्या तांब्याच्या दुव्याला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की तार आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड. एक मजला तीन मीटर धरला तर तिसावा मजला तळघरातल्या रॅकपासून सरळ रेषेतच ९० मीटरवर आला. डक्टपर्यंतचं आडवं अंतर, वळणं आणि लॉबीतला शेवटचा तुकडा अजून बाकीच. अशा इमारतीत डक्टमधून फायबर वर न्यावा आणि दर काही मजल्यांवर छोटा पीओई स्विच बसवावा, हाच शहाणपणाचा मार्ग. मधे एक्स्टेंडर टाकून अंतर वाढवता येतं, पण एक्स्टेंडर स्वतःही त्याच तारेतून काही वॅट खातो, हे डब्याच्या वाटणीतून वजा करायला लोक विसरतात. उष्णताही हिशेबात धरावी लागते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मे महिन्यात बंद डक्टमध्ये, एकत्र घट्ट बांधलेल्या तारांच्या जुडग्यात तापमान वीस अंशांनी चढलं तर रोध जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढला. मीटर रूममध्ये, हवा खेळत नाही अशा पेटीत कोंबलेल्या स्विचचे हाल वेगळेच.

आणि मग पाऊस. ठाणे-कल्याण पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गच्चीवर, वाहनतळावर, क्लब हाउसच्या बाहेर लावलेल्या डब्यांच्या तक्रारी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून वाढू लागतात, यात नवल नाही. पाणी तारेवरून उतरत थेट जॅकमध्ये शिरतं. तार डब्याजवळ येताना खाली एक झोळ देऊन वर घेतली की पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. हा बिनखर्ची उपाय आहे. ओल आणि डीसी एकत्र आले की विद्युत-अपघटन सुरू होतं आणि धन बाजूच्या पिना हिरव्या पडून झिजतात. टेलिफोनच्या एक्स्चेंजने तार ऋण ठेवली होती ती याच भीतीने. पण पीओईत पुरवठ्याची दोन्ही टोकं त्याच जॅकमध्ये असतात, त्यामुळे तसा बचाव इथे मिळत नाही. ओल बाहेर ठेवणं हाच उपाय. बाहेरच्या कामाला काळ्या, उन्हाने न तडकणाऱ्या आवरणाची तार, रबरी ग्लँड नीट आवळलेली आणि जॅक दर पावसाळ्याआधी उघडून पाहिलेला, एवढं केलं तरी बरंच साधतं. वीज कोसळण्याचा धोका वेगळा. मानकानुसार उपकरणाचं इन्सुलेशन १५०० व्होल्ट मिनिटभर सोसतं, पण आकाशातल्या विजेचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. गच्चीवरच्या तारेला सर्ज प्रोटेक्टर आणि त्या प्रोटेक्टरला खरीखुरी अर्थिंग लागते. नुसता लटकवलेला प्रोटेक्टर काही वाचवत नाही.

प्रत्यक्ष शोध घेताना एक क्रम ठेवला की गोंधळ होत नाही. झोपलेला डबा छतावरून उतरवून स्विचपाशी आणावा आणि मीटरभराच्या, खात्रीच्या पॅच कॉर्डने त्याच पोर्टात लावावा. सुरू झाला तर डबा आणि पोर्ट दोन्ही निर्दोष आणि दोष भिंतीतल्या तारेत किंवा तिच्या टोकांत. नाही सुरू झाला तर त्याच कॉर्डने दुसऱ्या पोर्टात. तिथे चालला तर पहिला पोर्ट गेला. तिथेही नाही तर त्या डब्याच्या मानकाचा इंजेक्टर लावून पाहावा. त्यावर चालला तर स्विचचं बजेट किंवा सेटिंग तपासायचं, त्यावरही नाही तरच डब्याला दोष द्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत कॉर्ड, पोर्ट आणि डबा तिन्ही एकदम बदलले तर चालू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही आणि चांगला भाग कचऱ्यात जाईल. तपासणीत तार वारंवार काढ-घाल करायची असेल तर आधी स्विचवरून त्या पोर्टाची वीज बंद करावी. भार चालू असताना जॅक ओढला की सूक्ष्म ठिणगी पडते आणि पिनांच्या सोन्याच्या मुलाम्यावर डाग उमटतात.

नव्या इमारतींसाठी हा प्रश्न आणखी मोठा होणार आहे. वाय-फाय ७चे मोठे डबे २५.५ वॅटमध्ये पूर्ण ताकदीने चालतीलच असं नाही, काहींना बीटी मानकाचा पोर्ट लागतो. आज भिंतीत गाडलेली तार पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार आणि स्विच व डबे त्या काळात दोन-तीनदा बदलणार. तेव्हा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कोटेशन मंजूर करताना डब्याच्या ब्रँडवर अर्धा तास घालवण्यापेक्षा चार ओळी लिहून घ्याव्यात : तार पूर्ण तांब्याची आणि किती गेजची, प्रत्येक दुव्याची लांबी किती, स्विच एकूण किती वॅट देतो आणि त्यातले किती डब्यांना लागतील, प्रत्येक तारेचा रोध मोजलेला छापील अहवाल मिळणार की नाही. शेवटचं बिल तो अहवाल हातात आल्यावरच चुकतं करावं.